पंखे, नग चार

प्रमोदराव गमऱ्यांचा कम्प्युटर पहिल्यांदा बंद पडला तो सदतिसाव्या नावावर. नाव धाकू गमऱ्यांच्या थोरल्या सुनेचं होतं. ते आबांच्या तोंडातून पुरतं बाहेर यायच्या आत पडदा काळा झाला आणि खोक्याच्या पोटातली घरघर उतरत उतरत थांबली. वीज गेली असं समजून प्रमोदरावांनी सवयीने वर पाहिलं. डोक्यावरचा पंखा मजेत फिरत होता.

"लिवलंस?" आबांनी विचारलं.

लिहिलेलं काहीच उरलं नव्हतं. छत्तीस नावं मशीनने गिळली होती आणि ती परत द्यायची त्याची इच्छा दिसत नव्हती.

आबा म्हणजे काशीराम गमरे, प्रमोदरावांचे वडील, वय सत्त्याहत्तर. गोष्ट दोन हजार सहा सालच्या सप्टेंबरातली. धर्मांतराला त्या ऑक्टोबरात पन्नास वर्षं पुरी होत होती. आरे-वारेच्या अलीकडे गमऱ्यांचं गाव आहे. तिथल्या बौद्धवाडीच्या मंडळाने स्मरणिका काढायचं ठरवलं होतं. वाडीतल्या ज्या बायामाणसांनी त्या वेळी दीक्षा घेतली, त्या सगळ्यांची नावं तिच्यात छापायची होती. नावांची वही मंडळाकडे होती, पण तिचा वाळवीने केव्हाच फडशा पाडला होता. आता ती एकशे बारा नावं फक्त आबांच्या डोक्यात शिल्लक होती.

मंडळाच्या सभेत कुणीतरी म्हणालं की आबांकडून नावं एका वहीत उतरवून घेऊ. तेव्हा प्रमोदराव उभे राहिले आणि म्हणाले की कागदाचं युग संपलं, मी थेट कम्प्युटरवर घेतो. प्रमोदराव रत्नागिरीत एका सरकारी कचेरीत वरिष्ठ लिपिक. कचेरीत कम्प्युटर आले तेव्हा त्यांना हात लावायला न घाबरलेला पहिला माणूस हा त्यांचा लौकिक. घरीही त्यांनी स्वतःचा कम्प्युटर घेतला होता. तेव्हा सभेत हे वाक्य बोलायचा अधिकार त्यांना होता. फक्त ते बोलायला नको होतं.

आबांची नावं सांगायची एक रीत होती. ते विहिरीपासून सुरुवात करत आणि घराघराने चढण चढत वर जात. कुठल्या घरात त्या दिवशी कोण होतं, कोण कुणाच्या मागे उभं होतं, हे त्यांना दिसत असे. पण मधे खंड पडला की परत विहिरीवर. "मधनंच कसं चालायचं?" ते म्हणत. "मानूस इहिरीवरनंच वाडीत येतो."

दुसऱ्या दिवशी परत विहीर, परत चढण, आणि धाकूच्या दारात मशीन बंद. तिसऱ्या दिवशी तेच, फक्त एव्हाना प्रमोदराव मधे मधे फाईल सेव्ह करू लागले होते.

स्वप्नांनी, म्हणजे प्रमोदरावांच्या पत्नीने, एक साधा मार्ग सुचवला. त्या प्राथमिक शाळेत शिक्षिका, त्यामुळे साधे मार्ग त्यांना लवकर सुचत. त्या म्हणाल्या, "मागची छत्तीस नावं आता लिहून झाली आहेत. तेवढी आबांना मशीन बंद असतानाच म्हणू दे. धाकूच्या घराशी आले की चालू करा." हे रास्त होतं. पण आबा खुर्चीत बसले आणि काळ्या पडद्याकडे बघू लागले. मग म्हणाले, "झोपलेल्या मशिनीला काय सांगू?" त्यांना एकेक नाव तिथे उमटताना बघायचं होतं. आणि वहीत मी उतरवून घेते असं स्वप्ना म्हणाल्या, तेव्हा प्रमोदरावांनाच सभेतलं वाक्य आठवलं.

मग ते भाटकरांच्या दुकानात गेले. कम्प्युटर तिथूनच घेतलेला. भाटकर हा तोंडात सदैव काहीतरी असलेला माणूस. त्याने प्रमोदरावांचं सगळं ऐकून घेतलं आणि गरम होतोय, असा निर्वाळा दिला. मशीन तापलं की स्वतःच स्वतःला बंद करतं, जळून जाऊ नये म्हणून. ते शहाणं आहे. मग दुरुस्त करून द्या, असं प्रमोदराव म्हणाले. त्यावर भाटकरने बिल मागितलं. बिल दाखवल्यावर वॉरंटी कार्ड मागितलं. कार्ड दाखवल्यावर त्यावर दुकानाचा शिक्का नाही असं निघालं. शिक्का दुकानाचाच, मारायचा दुकानाने, राहिला दुकानाकडून. पण तो आता मारता येत नव्हता, कारण मागच्या तारखेने शिक्का मारणं भाटकरच्या तत्त्वात बसत नव्हतं. प्रमोदरावांनी अठरा वर्षं कचेरीत लोकांना हेच सांगितलं होतं. काउंटरच्या या बाजूने ते कसं ऐकू येतं, हे त्यांना प्रथमच कळलं.

"खोकं एका बाजूने उघडं ठेवा," भाटकरने फुकटचा सल्ला दिला. "हवा खेळती राहील."

त्या दिवसांत त्यांच्या बिल्डिंगसमोर, नाचणे रोडला, कसलीतरी केबल टाकायला चर खणला होता. पाऊस उघडला होता आणि चरातली तांबडी माती वाळून रस्त्यावर पसरली होती. प्रत्येक रिक्षा जाताना थोडी माती उचलायची आणि तळमजल्यावरच्या गमऱ्यांच्या खिडकीतून आत सोडायची. खोकं उघडं केलं तेव्हा पहिल्या दिवशी आबा चव्वेचाळीस नावांपर्यंत पोचले, आणि प्रमोदरावांनी स्वप्नांकडे विजयी मुद्रेने पाहिलं. चौथ्या दिवशी एकोणतीसवर गाडी थांबली. आत डोकावून पाहिलं तर हिरव्या पाटीवर जांभ्याच्या भुकटीचा थर बसला होता. एव्हाना मशीनची प्रकृती मिनिटांत मोजायचं त्यांनी सोडून दिलं होतं. ती नावांत मोजली जात होती.

त्याच दिवशी आणखी एक झालं. तिसऱ्या घराशी आबा अडले. त्या घरात चौघंजणं होती, तिघांची नावं आली, चौथं येईना. आबा पायाच्या अंगठ्याने फरशी घासत बसले. मग म्हणाले, "येईल." ते आलं, पण जेवणं झाल्यावर, भांडी आवरताना. ते जेवण प्रमोदरावांना गोड लागलं नव्हतं.

वरच्या मजल्यावर आगाशेसर राहत. त्यांनी पस्तीस वर्षं हायस्कुलात भौतिकशास्त्र शिकवलेलं. निवृत्तीनंतर ते शास्त्र तसंच अंगात शिल्लक राहिलं होतं, वर्ग मात्र नव्हता. जिन्यात प्रमोदराव सापडले आणि वर्ग भरला. सरांचं म्हणणं एका वाक्यात सांगता येण्यासारखं होतं, त्यांनी ते पाऊण तासात सांगितलं: गरम हवा वर जाते. खोक्याला वर भोक नाही, म्हणजे ज्याने ते बनवलं तो सातवी नापास. वर भोक पाडा.

खोक्याची उघडी बाजू पुन्हा बंद झाली आणि मिरजोळ्याच्या एका वेल्डिंगवाल्याने वर भोक पाडून दिलं. त्याने आयुष्यभर खिडक्यांचे गज आणि गेट केलेली. नाजूक काम म्हणजे काय, यावर त्याचं स्वतःचं मत होतं. भोक चांगलं बशीएवढं झालं. वर त्याने जाळी मारून दिली, शोभेसाठी मधे एक फूलही. भाटकरने खोक्यावर लावलेलं 'हे उघडल्यास वॉरंटी रद्द' असं लेबल कापताना मधोमध चिरलं गेलं.

सर म्हणाले होते ते खोटं नव्हतं. गरम हवा खरोखर वर येत होती. फक्त ती येते हे आणखी एका जीवाला कळलं. समोरच्या फ्लॅटमध्ये अयूबभाई मुकादम आणि फातिमाभाभी राहत. त्यांच्याकडे एक पांढरी मांजर होती. घरात मासळी नेहमीची, त्यामुळे खाऊन खाऊन ती उशीसारखी झाली होती. दुपारी खिडकीतून येऊन ती त्या जाळीवर बसली. खालून ऊबदार हवा, शिवाय बारीक थरथर. तिला आयुष्यात याहून चांगली जागा मिळाली नव्हती. सकाळ-दुपार ती तिथेच. आबांना तिचा लळा लागला. तिच्याकडे बघत नावं सांगायला त्यांना बरं वाटे. ती बसली की मशीन बाविसाव्या नावावर बंद पडायचं. तिला उठवलं की ती आबांकडे बघायची आणि आबा प्रमोदरावांकडे.

शेवटी भाटकरच म्हणाला की खरा इलाज पंखे. खोक्यात बसवायचे छोटे पंखे असतात, ते हवा खेळवतात. त्याच्याकडे नव्हते. मुंबईहून मागवावे लागणार होते. लॅमिंग्टन रोडच्या कुण्या दुकानदाराला त्याने फोन केला आणि चार पंखे एका खाजगी लक्झरीच्या टपावर घातल्याचं दुसऱ्या दिवशी कळलं.

लक्झरी सकाळी रत्नागिरीला आली. पंखे आले नाहीत. प्रमोदरावांनी क्लीनरला मोबाईल लावला. तो म्हणाला, पावतीवर 'पंखे, नग चार' लिहिलंय, एवढे मोठे पंखे गाडीत नव्हते. मग होतं काय? एक छोटा बॉक्स होता. तो कुणीच मागितला नाही, म्हणून राजापुरात उतरवला.

राजापूरला जायचं म्हणजे अर्ध्या दिवसाची रजा. रजेच्या अर्जात कारण लिहायचं. प्रमोदराव खोटं कारण लिहिणारे नव्हते. त्यांनी 'पंखे आणण्याकरिता राजापूर येथे जाणे' असं लिहिलं. कचेरीचे अधीक्षक पाथरेसाहेब यांनी तो अर्ज दोनदा वाचला. रत्नागिरीत पंखे मिळत नाहीत का, असं विचारलं. प्रमोदरावांनी खुलासा केला. खुलाशाने साहेबांच्या मनात नवाच प्रश्न उभा राहिला. कम्प्युटर घेतला तेव्हा प्रमोदरावांनी नियमाप्रमाणे जंगम मालमत्ता म्हणून कचेरीला कळवलं होतं. आता हे पंखे त्या मालमत्तेचा भाग, की वेगळी मालमत्ता? वेगळी असेल तर वेगळं कळवायला हवं. साहेब प्रामाणिक माणूस होते, त्यांना खरंच प्रश्न पडला होता. प्रमोदरावांनी तिथल्या तिथे लेखी दिलं: 'सदर पंखे संगणकाच्या पोटात बसणार असल्याने ते स्वतंत्र समजण्यात येऊ नयेत.' साहेबांनी 'पोटात' या शब्दाखाली लाल रेघ ओढली आणि रजा मंजूर केली.

राजापुरात लक्झरीचं पार्सल सांभाळणारा गृहस्थ हायवेवर चहाच्या टपरीशेजारी बसे. त्याने पावती पाहिली आणि पंखे आलेच नाहीत म्हणून सांगितलं. प्रमोदराव म्हणाले, बॉक्स आलाय. तो म्हणाला, बॉक्स आलाय, पंखे नाही आले. बॉक्स त्याच्या समोरच होता. त्यावर त्याचा चहाचा ग्लास ठेवलेला. पावतीवर पंखे असताना बॉक्स कसा देऊ, ही त्याची अडचण होती, आणि अठरा वर्षं लिपिकी केलेल्या माणसाला ती अडचण मनापासून पटली, याचंच प्रमोदरावांना वाईट वाटलं. शेवटी दोघांच्या संमतीने बॉक्स उघडण्यात आला. आत तळहाताएवढे काळे चौकोनी चार पंखे निघाले. गृहस्थाने एक उचलून तोंडासमोर धरला, फुंकर मारून फिरवून पाहिला आणि भोवती जमलेल्या चारजणांना दाखवत अगदी शांतपणे विचारलं, "बाहुलीच्या घरात लावायचे काय ओ?"

परतीच्या एसटीत प्रमोदराव बॉक्स मांडीवर घेऊन बसले.

आता पंखे बसवणं आलं. हे काम भाटकरला द्यायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. पुढे दोन, मागे एक आणि वरच्या भोकावर एक, अशा चार जागा. प्रत्येक पंखा आत फुंकेल किंवा बाहेर. म्हणजे सोळा प्रकार झाले. प्रमोदरावांनी एक नोंदवही आखली. रकाने: पंखा क्रमांक, जागा, दिशा, नावे किती, शेरा. सोळा प्रकार क्रमाने तपासायचे आणि सर्वात जास्त नावांचा जो निघेल तो कायम करायचा. स्वप्नांनी विचारलं की छापखान्याला मजकूर कधी द्यायचाय. पंचवीस तारखेला. आणि आज? सतरा. स्वप्नांनी मुलांच्या चाचणीचे पेपर तपासायला घेतले.

प्रकार पहिला, चारही आत. छत्तीस नावं. शेरा: सीडी घालायचा ट्रे उघडला असता त्यावर तांबडी भुकटी. प्रकार दुसरा, चारही बाहेर. अकरा नावं. शेरा: तप्त. हे विपरीत होतं. सगळी गरम हवा बाहेर फेकली जाते आणि तरी मशीन जास्त तापतं, हे आगाशेसरांच्या शास्त्रातही बसेना. सर स्वतः खाली आले, चष्मा लावून वाकून पाहिलं आणि 'हवा दमट आहे' असा निष्कर्ष काढून वर गेले. तिसऱ्या प्रकारात पुढचे आत, मागचा बाहेर: एकवीस. चौथ्यात उलट: एकतीस. पाचव्यात खोकं असं घुरघुरायला लागलं की खिडकीबाहेर चर खणणारे दोघे थांबून आत बघू लागले. सातव्या प्रकारापर्यंत आबांचा आवाज बसला. ते रोज विहिरीवरून निघत आणि धाकूच्या दाराच्या अलीकडूनच परत फिरत. आठव्याच्या वेळी ते उठून बाहेरच्या खोलीत गेले आणि आडवे झाले.

प्रमोदराव खोक्यासमोर बसून राहिले. ते चिडले होते, पण चिडायला समोर कुणी नव्हतं.

त्याच वेळी अयूबभाई मांजरीला शोधत दारात आले. हा साठीचा उंच, सावकाश बोलणारा माणूस. बावीस वर्षं कुवेतला होता. तिथे काय करत होता, असं प्रमोदरावांनी मागे एकदा विचारलं होतं. पत्र्याचं काम, असं उत्तर मिळालं होतं. पत्रे ठोकणाऱ्याला कम्प्युटरबद्दल काय विचारायचं, म्हणून प्रमोदरावांनी कधी विचारलं नव्हतं. बावीस दिवस समोरच्या दाराआड हा माणूस होता.

अयूबभाईंनी नोंदवही बघितली, खोकं बघितलं. मग एक पंखा हातात घेऊन त्याची कड उन्हाकडे धरली. "हा बाण बघितलास?"

प्लास्टिकवर नखाएवढा बाण कोरला होता. कंपनीचं चिन्ह असेल, अशी प्रमोदरावांची समजूत होती.

"हवा इथनं इकडे जाते," अयूबभाई म्हणाले. "मोटर असते त्या बाजूला. टेबल फॅनच्या उलटं. तू समजतोस आत, तो मारतो बाहेर."

म्हणजे नोंदवहीतली सातही पानं उलटी होती. प्रमोदरावांचा हात सवयीने चालला. त्यांनी वहीत खाली लिहिलं: शुद्धिपत्रक. वरील सर्व नोंदींत 'आत' ऐवजी 'बाहेर' व 'बाहेर' ऐवजी 'आत' असे वाचावे. स्वप्ना पेपर बाजूला ठेवून तोंडावर पदर घेऊन स्वयंपाकघरात गेल्या.

कुवेतमधलं पत्र्याचं काम म्हणजे एसीच्या हवेचे मोठे पाईप बसवायचं काम होतं, हे मग कळलं. हॉस्पिटलांत, मॉलमध्ये, एका राजवाड्यातसुद्धा. अयूबभाईंनी बुद्धाच्या फोटोपुढची अगरबत्ती मागून घेतली आणि ती खोक्याच्या एकेका फटीजवळ धरली. चारही पंखे बाहेर फेकतील असे लावून पाहिले तेव्हा धूर सीडीच्या फटीतून, स्क्रूच्या भोकांतून, सगळीकडून आत ओढला जात होता.

"हवेला वाट लागते, बाबा," ते म्हणाले. "तू दरवाज्यातनं नाही दिलीस, तर ती चोरासारखी फटीतनं शिरते. धूळ घेऊन. आत जास्त घे, गाळून घे. बाहेर कमी सोड. मग फटीतनं हवा बाहेरच येते, धूळ शिरायची कुठनं? ऑपरेशनच्या खोलीला आम्ही तसंच करायचो." आगाशेसरांचं काय, असं प्रमोदरावांनी विचारलं. गरम हवा वर जाते हे खरं, अयूबभाई म्हणाले, पण पंख्यापुढे तिचं काही चालत नाही. आणि वरचं भोक म्हणजे मांजरीची सोय.

फातिमाभाभींनी जुन्या नायलॉन ओढणीचा तुकडा दिला. तो ताणून पुढच्या दोन पंख्यांवर बसवला. हे दोन आत. मागचा एक बाहेर. वरच्या भोकावर, फुलासकट, पत्रा ठोकून बसवला. अयूबभाईंनी तो इतका नेटका कापला की प्रमोदराव बघत राहिले. एक पंखा उरला. वहीत त्याच्यापुढे 'शिल्लक' लिहिलं.

आणि मग सगळं झाल्यावर अयूबभाईंनी रंगाचा ब्रश मागितला, मधल्या प्रोसेसरवरचा छोटा पंखा काढला आणि त्याखालच्या, उष्णता शोषणाऱ्या पत्र्याच्या कंगव्यातून एक गोष्ट बाहेर ओढली. तांबडी माती आणि पांढरे केस यांची दाट वीण बसून तयार झालेली ती गोधडीच होती, बिस्किटाएवढी. ती त्यांनी प्रमोदरावांच्या तळहातावर ठेवली. हे मागेच झाडलं असतं तर कदाचित नवे पंखे लागलेच नसते, हे बोलायची कुणालाच गरज पडली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा खुर्चीत बसले. त्यांचा विश्वास उडालेला होता, पण ते विहिरीवरून निघाले. पंखे बारीक सुरात फिरत होते. दहा, वीस, तीस. धाकूची थोरली सून आली. स्वप्ना दारात येऊन थांबल्या. आबा क्षणभर अडखळले, पडद्याकडे पाहिलं. तो उजेडात होता. मग ते धाकूच्या दारावरून पुढे गेले. पुढची बरीचशी घरं प्रमोदरावांनी कधी ऐकली नव्हती. कुणी त्या दिवशी नवा सदरा घातला होता, कुणी आजारी असून खांद्यावरून आलं होतं, हेही आबा सांगत होते. प्रमोदराव प्रत्येक नावानंतर फाईल सेव्ह करत होते. शहात्तर. नव्वद. एकशे आठ.

चढणीच्या टोकाला गमऱ्यांचं स्वतःचं घर होतं. तिथे आबांनी आपल्या वडिलांचं नाव सांगितलं, आईचं सांगितलं, स्वतःचं सांगितलं. मग थांबले.

"सुंदरा काशीराम गमरे," ते म्हणाले. "तुजी आय. लग्नाला मयना झाला नव्हता. पुडं यायला लाजली, सगळ्यांच्या मागं उभी ऱ्हायली. म्हणून तिचं शेवटी."

आईला जाऊन अकरा वर्षं झाली होती. प्रमोदरावांची बोटं कळांवर तशीच राहिली.

"लिव," आबा म्हणाले.

पंचवीस तारखेला प्रमोदराव फ्लॉपी घेऊन छापखान्यात गेले. तिथल्या माणसाने ती त्याच्या मशीनमध्ये घातली. पडद्यावर चौकोन, प्रश्नचिन्हं आणि एक तुटलेला उकार उमटला. तुमचा फॉन्ट वेगळा, आमचा वेगळा, तो म्हणाला, हे इथे उघडायचं नाही. प्रमोदरावांनी घरी जाऊन छापील प्रत आणली. त्याने ती समोर उभी केली आणि पहिल्या नावापासून स्वतः टाईप करायला घेतली. मान वर न करता म्हणाला, "साहेब, हे वहीत लिहून आणलं असतंत तरी चाललं असतं." प्रमोदराव बाहेर येऊन बराच वेळ आपली स्कूटर शोधत राहिले. ती समोरच होती.

कार्यक्रम ऑक्टोबरात, वाडीच्या समाजमंदिरात. खेडोपाडीची, मुंबईची, सगळी माणसं आलेली. ऊन असं की पत्रा तडतडत होता. प्रमोदराव इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून पहिल्या रांगेत बसले होते. स्मरणिकेच्या प्रकाशनाला त्यांना व्यासपीठावर बोलावणार होते, तसं कार्यक्रमपत्रिकेत छापलं होतं. मंडपवाल्याने चार मोठे पंखे दिले होते. चारही व्यासपीठाकडे तोंड करून लावलेले. पाहुण्यांच्या टोप्या उडत होत्या आणि मागच्या बायकांना भोवळ येत होती. दोघींना बाहेर नेऊन पाणी पाजावं लागलं. तेव्हा अध्यक्षांनी ध्वनिक्षेपकावरून सांगितलं, की प्रमोद गमरे यांनी जरा पंख्यांकडे बघावं, त्यांना त्यातलं ज्ञान आहे. ही बातमी वाडीत कुणी पोचवली, ते कळलं नाही. स्वप्ना छताकडे बघत होत्या.

प्रमोदराव उठले. व्यासपीठाऐवजी उलट दिशेने चालत गेले. दोन पंखे त्यांनी विहिरीच्या बाजूच्या, सावलीतल्या दाराशी ठेवले, आत तोंड करून. एक माणसांच्या मधे. चौथा मागच्या खिडकीत, बाहेर तोंड करून. त्याचा स्टँड मोडका निघाला, सोडला की मान टाकत होता. म्हणून प्रमोदराव तो दोन्ही हातांनी धरून, सभेकडे पाठ करून, खिडकीत उभे राहिले.

मागे टाळ्या झाल्या. स्मरणिकेचं प्रकाशन झालं. गमऱ्यांना बोलवा, असं कुणीतरी म्हणालं, पण तोवर आबा ध्वनिक्षेपकापाशी पोचले होते. पुस्तक त्यांनी उघडलं नाही. त्यांनी विहिरीपासून सुरुवात केली. एकेका नावाला सभेतून कुणीतरी उभं राहत होतं, कुणाचा नातू, कुणाची लेक. खुर्च्या मागे सरकल्याचा आवाज प्रमोदरावांना ऐकू येत होता. दिसत काहीच नव्हतं. समोर खिडकीबाहेर करवंदीची जाळी होती. पण मानेवर मागून वारा लागत होता. सबंध मंदिरातून वाहत तो त्यांच्या अंगावरून बाहेर जात होता.

आबा चढणीच्या वरच्या घरांपाशी आले, तेव्हा कुणीतरी प्रमोदरावांच्या शेजारी येऊन उभं राहिलं. अयूबभाई होते. तेही आमंत्रणावरून आले होते. त्यांनी पंख्याला हात लावला, तोंडाची दिशा पाहिली, दाराकडे पाहिलं.

"बरोबर लावलायस," ते म्हणाले. "जा तू. मी धरतो."

प्रमोदरावांनी हात शर्टाला पुसले. शर्टावर तांबडे पंजे उमटले. शेवटचं नाव यायचं होतं. ते गर्दीतून वाट काढत पुढे गेले, उभं राहायला.